साडेपाच सूत

गाडीखाली उताणं पडलेल्या माणसाला सल्ला द्यायला पुण्यात कुठलंही शिक्षण लागत नाही. त्या माणसाचे फक्त पाय बाहेर असतात. तोंड आत असल्यामुळे त्याला उलट उत्तर देता येत नाही, आणि पुणेकराला श्रोता हवा असतो तो नेमका असा. २०२४ सालच्या एप्रिलमध्ये मी सलग चार रविवार असा पडून होतो. त्या चार रविवारांत आमच्या सोसायटीतल्या अठरा बिऱ्हाडांपैकी सोळा बिऱ्हाडांचे सल्ले माझ्या पायांनी ऐकले. उरलेल्या दोन बिऱ्हाडांना कुलूप होतं.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ चं मॉडेल. मुळात ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायला लागली आणि १९७४ साली तिचं बारसं होऊन ती पद्मिनी झाली. तरी आमच्या घरात तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणतात. सासरचं नाव ठेवलं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तसं. मुंबईच्या रस्त्यांवर हिच्या हजारो बहिणी काळा-पिवळा वेष करून आयुष्यभर राबल्या. त्यातली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून लेख आले. माझ्या बायकोनं तो लेख कापून माझ्या टेबलावर ठेवला. वर काही लिहिलं नव्हतं, पण मजकूर पोचला.

आमचे नाना गुहागरला डॉक्टर होते. १९८४ साली त्यांनी ही गाडी मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. नवीन गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि गुहागरचे पेशंट तितके थांबायला तयार नव्हते. पारशीबाबांनी गाडी अशी ठेवली होती की, व्यवहार झाल्यावर ते तिच्या बॉनेटवरून हात फिरवून आत निघून गेले आणि चहाही विचारला नाही. कुलाब्याहून गुहागरला, म्हणजे एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडेच ती आली. खारा वारा तिच्या नशिबातून सुटला नाही. माझ्या चार रविवारांचं मूळ या खाऱ्या वाऱ्यात आहे.

नाना २००४ साली गेले. २०१९ साली आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. वाटणी म्हणजे भांडण बिंडण नव्हे. घर आणि बाग दादाकडे, हे ठरलेलंच होतं. तो तिथे राहिला, नानांचं आणि आईचं सगळं त्यानं केलं. मी पुण्यात बँकेत. कागदावर सह्या झाल्यावर मी सहज म्हटलं, ‘फियाट मी नेतो.’ आई म्हणाली, ‘ने.’ दादा काहीच बोलला नाही. त्यानं किल्ली आणून माझ्या हातात दिली, पण गाडी फाटकातून बाहेर काढताना तो पडवीतून उठला नाही. पुण्याला आल्यावर डिकी उघडली, तर नानांची पान्यांची पेटी तिच्यात नव्हती. मी मनात म्हटलं, ठेवून घेतलीन वाटतं. एवढंच. पण ते ‘एवढंच’ पाच वर्षं चाललं. दिवाळीला फोन, आणि आई ज्याच्याकडे असेल त्यानं दुसऱ्याला तिच्या गोळ्यांची नावं सांगायची. रक्तदाबाची कुठली, थायरॉइडची कुठली. दोन भाऊ बोलत होते की दोन औषधवाले, ते टेलिफोनवाल्यांनाही कळलं नसतं.

तर २०२४ साली गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं. जुन्या गाडीला पहिली पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी परीक्षा देऊन पुन्हा पास व्हावं लागतं. आणि गाडी डावीकडे कलली होती. नुसती कलली नव्हती, मागच्या डाव्या चाकापाशी दर खड्ड्याला ‘कुंई’ असा आवाज करत होती. आईचा मुक्काम तेव्हा माझ्याकडे होता. ती शहाऐंशी वर्षांची. तिला नव्या गाड्यांत बसलं की मळमळतं, आणि काचा खाली करून द्या म्हटलं की आमचा मुलगा एसी चालू आहे म्हणतो. मे महिन्यात तिला गुहागरला जायचं होतं, ते ‘यांच्या गाडीतनं’. एस.टी. नको, मुलाची गाडी नको. ‘यांच्या गाडीतनं नेतोस का सांग, नाहीतर राहू दे,’ असं तिनं मला विचारलं. यातलं ‘नाहीतर राहू दे’ कसं उच्चारायचं ते आयांना कुणी शिकवावं लागत नाही.

तपासल्यावर कळलं की, मागच्या पाट्याचा बुश संपलाय. ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्मिनीच्या मागच्या धुरीला दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात, बैलगाडीच्या कमानीची सुधारलेली आवृत्ती. पाट्याच्या पुढच्या टोकाला एक डोळा असतो. त्या डोळ्यात रबराचा बुश, रबराच्या पोटात लोखंडी नळी आणि नळीतून आरपार एक बोल्ट. हा बोल्ट पाट्याला गाडीच्या अंगाशी धरून ठेवतो. बोल्ट काढायचा, पाटा खाली घ्यायचा, बुश बदलायचा, बोल्ट घालायचा. कागदावर अर्ध्या तासाचं काम. बुश मी मुंबईहून मागवून ठेवला होता.

पहिल्या रविवारी मी गाडी जॅकवर उचलली, खाली दोन घोड्या लावल्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, जॅक कधी बसेल ते तो आधी सांगत नाही) आणि नटाला पाना लावला. सतराचा पाना जाईना. अठराचा गेला, पण आत इकडून तिकडे डुलायला लागला. नट झिजला असणार, असं ठरवून मी अठराच्याच पान्यावर जोर दिला. पाना सटकला आणि माझ्या उजव्या हाताची चार बोटं चासीवर आपटली. मग स्क्रू पाना आणला. तो सटकला तेव्हा डाव्या हाताची. अशा रीतीनं उजवं-डावं बरोबर करून मी बाहेर आलो, तेव्हा नटाचे सहा कोपरे होते ते साधारण साडेचार उरले होते.

इथून सल्लागार मंडळ बसलं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, आधी आवळा, मग सोडवा. यात तथ्य आहे. गंजाची पकड दोन्ही दिशांनी हलवली की ती सुटायची शक्यता वाढते. पण आवळायला पाना तर बसला पाहिजे ना! दुसऱ्यांनी रॉकेल सांगितलं. रॉकेल आता पुण्यात शोधायचं म्हणजे चंदन शोधण्यापैकी. तिसऱ्यांच्या मुलानं डब्ल्यूडी-४० चा डबा आणून दिला. माझं वाचन अशा वेळी उफाळून येतं. मी त्याला सांगितलं की, हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, रॉकेटच्या पत्र्याला ओल लागून गंज चढू नये म्हणून. चाळिसाव्या प्रयत्नाला पाणी हटवण्याचं सूत्र जमलं, म्हणून चाळीस. म्हणजे हे गंज येऊ नये यासाठी आहे. येऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर उपयोग काय? मुलगा म्हणाला, ‘काका, मारून तर बघा.’ मारून बघितलं. नटाला छान वास यायला लागला.

सर्वांत शास्त्रशुद्ध सल्ला समोरच्या विंगेतल्या प्राध्यापकांचा होता. निम्मं अ‍ॅसिटोन आणि निम्मं गिअरबॉक्सचं पातळ तेल. हे मिश्रण केसाएवढ्या फटीतही झिरपतं, म्हणाले. अ‍ॅसिटोन कुठे मिळेल या विवंचनेत असताना मुलीच्या कपाटात नखांचं रंग काढायचं द्रव्य सापडलं. बाटलीवर बारीक अक्षरात अ‍ॅसिटोन लिहिलं होतं. त्या संध्याकाळी तिला कुठल्याशा लग्नाला जायचं होतं. पुढचं लिहीत नाही. नट हलला नाही. आमच्या घरातलं बाकी सगळं हललं.

तिसऱ्या रविवारी मी गॅरेजवाल्या मेस्त्रींना बोलावलं. ते खाली वाकले, बॅटरी मारली आणि डॉक्टर रिपोर्ट पाहून करतात तसा आवाज काढला. ‘काका, हा नाय निघायचा. लोखंड गंजून फुगलंय. गॅसनं कापावा लागंल.’ गंजाचं ते म्हणत होते ते खरंच आहे. एक भाग लोखंड गंजलं की त्याचा गंज दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि नळीच्या आत ती जागा आणायची कुठून? म्हणून तो नळीला आणि बोल्टला एकजीव करून टाकतो. पण गॅस म्हणजे ज्योत. पद्मिनीची पेट्रोलची टाकी मागे, डिकीत. ‘टाकी उतरवू की,’ मेस्त्री म्हणाले. मग टाकीचे बोल्ट. ते कोण उतरवणार? आमची ही गॅलरीतून ऐकत होती. ती म्हणाली, ‘अहो, सगळी गाडीच उतरवा ना.’

जेवताना मी हे सगळं सांगत होतो. आई ताकभात कालवता कालवता म्हणाली, ‘डाव्या बाजूचा का? तो तर दादानं घातलेला. त्या पावसात.’

‘कुठल्या पावसात?’

‘शहाण्णव साली. ती अडलेली बाई नाही का, चिपळूणला नेत होते.’

मला यातलं काही माहीत नव्हतं. शहाण्णव साली मी पुण्यात होतो, नवीन लग्न झालेलं, चार महिन्यांतून एकदा गुहागरला जात होतो. आईनं हात धुतला, आपला फोन घेतला आणि दादाला लावला. मला वाटलं, पुन्हा गोळ्या. ती म्हणाली, ‘अरे, त्या बोल्टाचं याला सांग,’ आणि फोन माझ्या हातात दिला.

दोघंही क्षणभर गप्प. मग दादा म्हणाला, ‘कुठला पाना लावतोयस?’

‘अठराचा.’

‘मग कसा निघेल? तो मिलिमीटरचा नाहीच. ट्रकचा बोल्ट आहे तो. डोक्याला सोळाचा चालेल, पण नटाला साडेपाच सूत लागतं.’

सूत हा शब्द मी कैक वर्षांनी ऐकला. एका इंचाचे आठ भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे सूत. साडेपाच सूत म्हणजे अकरा सोळांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेसतरा मिलिमीटर. सतराचा जात नव्हता आणि अठराचा डुलत होता याचा उलगडा झाला. नट झिजलेला नव्हताच. झिजवला मी.

मग त्यानं ती रात्र सांगितली, बेतानं, कुणाची तरी केस सांगावी तशी. जुलै महिना. शृंगारतळी मागे टाकल्यावर पाण्यात खड्डा दिसला नाही आणि बोल्ट तुटून पाटा निखळला. नानांनी मागून आलेला एक टेंपो थांबवला, बाईला आणि तिच्या सासूला त्यात घातलं आणि स्वतः तिच्याबरोबर चिपळूणला गेले. दादा रात्रभर गाडीत एकटा. पहाटे पहिल्या एस.टी.नं तो चिपळूणला गेला, एका ट्रकच्या गॅरेजबाहेर भंगारात बोल्ट शोधला, आणि नाना नि तो दोघांनी मिळून भर पावसात रस्त्यावर तो बसवला. ‘मूळच्यापेक्षा केसभर बारीक होता. ग्रीस कुठून आणणार? नाना म्हणाले, घरी गेल्यावर बदलू.’ थोडं थांबून तो म्हणाला, ‘राहिलंच ते.’

‘आणि ती बाई?’ मी विचारलं.

‘मुलगा झाला. आता रिक्षा चालवतो. बोलत नाही फारसा.’ मग म्हणाला, ‘पाना माझ्याकडे आहे. पेटीत.’

आता मला जे सांगायचंय ते जरा अडचणीचं आहे. साडेपाच सुताचा पाना पुण्यात मिळत नाही असं नाही. सकाळी रविवार पेठेत गेलो असतो तर साठ प्रकारचे दाखवले असते, वर चहाही दिला असता. हे मला ठाऊक होतं आणि दादालाही ठाऊक असणार; जुन्या बाजारातून पेटीभर पाने नानांबरोबर त्यानंच आणले होते. पण मी काही बोललो नाही. तो म्हणाला, ‘मग आणू का घेऊन?’ मी म्हटलं, ‘आण.’ फोन ठेवल्यावर हिनं विचारलं, ‘इथे मिळत नाही का हो पाना?’ मी म्हटलं, ‘नाही मिळत.’ तिनं माझ्याकडे बघितलं, आणि भाऊजींना नाचणीची भाकरी चालते की तांदळाची, एवढंच विचारलं.

शनिवारी रात्रीच्या एस.टी.नं निघून चौथ्या रविवारी सकाळी दादा आला. हातात एक पिशवी. पिशवीत दोन डझन आंबे, वहिनींनी दिलेलं कुळथाचं पीठ आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पाना. गाडीकडे त्यानं लगेच पाहिलं नाही. आधी आईपाशी बसला, चहा घेतला, पुण्याच्या हवेला नावं ठेवली. मग खाली उतरला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या मडगार्डवर पोचा होता, तिथे बोट ठेवून म्हणाला, ‘हा नवीन.’ मी म्हटलं, ‘सोसायटीचं फाटक.’ त्यावर तो काही बोलला नाही. हे जरा लागलंच.

कोपरे गेलेल्या नटावर दादानं तो रिंग पाना हातोडीनं हलकेच ठोकून बसवला. वर पाइपचा तुकडा चढवला आणि आम्ही दोघांनी मिळून ओढलं. ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटलं, काहीतरी मोडलं. नट सुटला होता. पायांच्या बाजूला टाळ्या वाजल्या. मंडळ हजर होतं.

पण बोल्ट? बोल्ट जागचा हलेना. दादानं डोक्याला सोळाचा पाना लावून मला ओढायला सांगितलं. मी ओढलं आणि बोल्ट चक्क अर्धा पाऊण वळसा फिरला. ‘फिरला!’ मी ओरडलो. दादा म्हणाला, ‘आता पाना सोड.’ सोडला, तर पाना आपोआप पहिल्या जागी परत आला. पुन्हा ओढला, फिरला. सोडला, परत. नळी गंजून बोल्टाला चिकटलेली, नळीला रबर चिकटलेलं. मी फिरवत होतो तो बोल्ट नव्हता, रबराला पीळ पडत होता. तिसऱ्यांदा पाना परत आला तेव्हा दादाला हसू फुटलं. त्याला हसताना मी गाडीखाली प्रथमच पाहत होतो. गाडीखाली आडवं पडून हसता येत नाही, पोट चासीला लागतं.

मग कापायचं ठरलं, पण ज्योत नको. पाट्याचा डोळा आणि चासीचा कान यांच्यामध्ये जी बोटभरही नसलेली फट असते, तिच्यात एक्सा ब्लेड घालायचं. चौकटीसकट ते आत जात नाही. नुसतं पातं, एका टोकाला फडकं गुंडाळून हातात धरायचं. दात पुढे, म्हणजे ढकलताना कापेल. वर थेंब थेंब तेल. एका अंगाला एक काप, दुसऱ्या अंगाला दुसरा. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं तो. ज्याची पाळी नसेल त्यानं बॅटरी धरायची. पाच पाती गेली. बोलणं फारसं झालं नाही, झालं ते असं:

‘पेटी तशीच आहे तिकडे.’

‘राहू दे की.’

‘राहू दे काय? तुझी आहे. त्या दिवशी काढून पडवीत ठेवली होती गाडीत घालायला. न्यायला आला नाहीस.’

मी पातं ढकलत राहिलो. पडवीतून तो उठला नव्हता, हे मला पाच वर्षं आठवत होतं. त्याच्या पायाशी काय होतं ते मी पाहिलंच नव्हतं.

‘तेल घाल,’ दादा म्हणाला, ‘कोरडं ओढतोयस.’

दुपारी दोनला दुसरा काप पुरा झाला आणि पाटा खाली आला. मेस्त्रींनी जुना बुश दाबून काढला, नवा बसवला. नवा बोल्ट बरोबर मापाचा, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला. तो आकडा पोलादाची ताकद सांगतो, आणि असल्या ठिकाणी तो पाहिल्याशिवाय बोल्ट घेऊ नये. दादानं त्याला ग्रीस असं चोपडलं की नानांची २८ वर्षांची उधारी एका दिवसात फेडली.

आता एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, मलाही नव्हती. हा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचा आवळायचा नसतो. तसा आवळला, तर चाकं जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि बुश लवकर फाटतो. गाडी चाकांवर उभी पाहिजे, आत माणसं बसलेली पाहिजेत, मग आवळायचा. म्हणून आम्ही घोड्या काढल्या, चाकं चार फळ्यांवर चढवली आणि वजन शोधायला लागलो. सल्लागार मंडळातून दोन वजनदार सभासद पुढे आले. पण तेवढ्यात आई काठी टेकत खाली आली. सुती पातळ बदललेलं, हातात बटवा. तिनं मागचं डावं दार उघडलं, आणि नेहमीच्या जागी, खिडकीला धरून बसली. बेचाळीस किलो असेल. दादा खालून म्हणाला, ‘आई, हलू नकोस.’ आई म्हणाली, ‘आवळा तुम्ही. मी आहे.’ वजन कमी पडू नये म्हणून शेजारी मी बसलो.

पासिंग झालं. मेमध्ये कुंभार्ली घाट उतरून आम्ही तिला गुहागरला पोचवलं. ‘कुंई’ आवाज नाही, मळमळ नाही.

पण ते पुढचं. त्या रविवारी रात्री दादा परत निघाला, तेव्हा त्यानं पाना पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. मी म्हटलं, ‘अरे, आता त्याचं काम नाही. नव्या नटाला एकोणीसचा लागतो. हा इथे काय, तिथे काय.’

तो म्हणाला, ‘असू दे माझ्याकडे,’ आणि पुडकं पिशवीत तळाशी घातलं. रिक्षात बसताना म्हणाला, ‘लागला तर फोन कर. घेऊन येईन.’